शार्कविषयीचे मच्छीमारांचे पारंपरिक ज्ञान

शार्क व त्यांच्या गोत्रातील पाकटे यांचा वावर, वीण, खाद्य, हंगामी ये-जा आणि घटती-वाढती संख्या यांविषयी मच्छीमार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करता करता जमवलेली व मुख्यतः तोंडी पुढे दिलेली जाण. मराठीत शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात.

हे ज्ञान हाताळणीतून येते. मासा चिरताना पोटात किती पिल्ले निघाली, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पाण्यात, हे कापणाऱ्याच्या लक्षात राहते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या छातीच्या परांमध्ये नाळेची न भरलेली जखम दिसते. अशी पिल्ले जिथे वारंवार जाळ्यात येतात, तिथे जवळपास वीण होत असणार, असा कयास जीवशास्त्रज्ञही याच खुणेवरून बांधतात. शार्क उशिरा वयात येतात व थोडीच पिल्ले देतात, काही जातींचा गर्भकाळ तर दोन वर्षांच्या घरात जातो. त्यामुळे अशा जागा ओळखणे संवर्धनात फार मोलाचे ठरते.

हवाई बेटांवर ‘विलीविली फुलला की शार्क चावतो’ अशी म्हण आहे. विलीविली हा आपल्या पांगाऱ्याच्या प्रजातीतला, उन्हाळा सरताना फुलणारा वृक्ष. वाघ्या शार्कच्या प्रौढ माद्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश माद्या उन्हाळा सरताना वायव्येकडील बेटांवरून मुख्य बेटांकडे येतात, बहुधा पिल्ले घालण्यासाठी, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, आणि ते म्हणीशी जुळते. पापुआ न्यू गिनीतील न्यू आयर्लंड बेटावर नारळाच्या करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवून शार्कला होडीजवळ बोलावतात. तुटक, खालच्या पट्टीतील आवाजाकडे शार्क ओढले जातात, हे नेल्सन व ग्रुबर या संशोधकांनी 1963 मध्ये प्रयोगाने दाखवले. खुळखुळा त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

जिथे जुन्या नोंदी नाहीत, तिथे वृद्धांची आठवण हाच दस्तऐवज असतो. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळचा मानते, असे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये मांडले. म्हणूनच आजोबा व नातू या दोघांनाही विचारावे लागते. पाकट्यांपैकीच असलेला करवत मासा कुठून नाहीसा झाला, हे अनेक किनाऱ्यांवर अशा मुलाखतींतूनच कळले. अर्थात स्मरणाला मोठा मासा अधिक चिकटतो, एकाच स्थानिक नावाखाली दोन-तीन जाती दडलेल्या असतात आणि बंदी असलेल्या जातीबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

शिवाय जाण असली म्हणजे जपणूक होतेच असे नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमासा-शार्कची (व्हेल शार्कची) शिकार करणारेही त्याच्या येण्याचा हंगाम नेमका जाणत होते. भारतात 2001 मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे लोकजागृती आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई यांमुळे तेच मच्छीमार त्याला सोडू लागले. सुटकेची छायाचित्रे आता ते स्वतःच काढतात, त्यामुळे खात्री करून घेण्यासाठी अधिकारी समुद्रात पोहोचेपर्यंत मासा जाळ्यात अडकवून ठेवावा लागत नाही.