लिव्हर जोरात ओढल्याने एस्प्रेसो कडक होत नाही

एस्प्रेसो कॉफीचं जुनं स्प्रिंग-लिव्हर यंत्र घरी आणलं की हा सल्ला हमखास मिळतो: दांडा जितक्या ताकदीने खाली ओढाल, तितका दाब जास्त आणि एस्प्रेसो कडक. हे चूक आहे. खाली ओढताना तुम्ही फक्त स्प्रिंग आवळता आणि दट्ट्या वर उचलता. दांडा तळाशी असताना बॉयलरमधलं पाणी साधारण १ बार दाबाने दळलेल्या कॉफीच्या पुडीवर उतरतं आणि ती भिजवतं. खरा दाब त्यानंतर, दांडा वर जाताना स्प्रिंग देते. तो सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि स्प्रिंग सैल होत जाईल तसा उतरतो. किती, ते स्प्रिंगच्या ताठपणावर ठरतं, हाताच्या बळावर नाही.

गैरसमज बहुधा ला पावोनी युरोपिकोलासारख्या यंत्रांमुळे पसरला असावा. तिथे स्प्रिंगच नसते, हातच दाब देतो.

मग शिकायचं काय? दळण. धार भळाभळा वाहिली तर पूड बारीक करा, थेंबच पडेना तर किंचित जाडसर. आणि कृपा करून दांडा पटकन सोडू नका! पूड नसेल किंवा फार जाड असेल, तर तो उसळून हनुवटीवर बसतो. पुडीचा विरोध जाणवेपर्यंत मूठ घट्ट ठेवा, चेहरा बाजूला.