यानुलीते आणि मार्तिनाइतीते: संथपणाच्या दोन तऱ्हा

लिथुएनियाचे समकालीन अभिजात संगीत नव्याने ऐकू लागलेल्या श्रोत्याची युस्ते यानुलीते आणि झिबुओक्ले मार्तिनाइतीते या दोन संगीतरचनाकारांमध्ये गफलत होणे अगदी स्वाभाविक आहे. दोघींच्या रचनांमध्ये गुणगुणता येईल अशी चाल सहसा सापडत नाही आणि पायाने ठेका धरावा असा तालही नसतो. दाट, लांबलेल्या स्वरांचा एक पट्टा हळूहळू रूप बदलत राहतो, आणि तो कधी बदलला हे तो बदलून गेल्यावरच ध्यानात येते. आडनावांमुळे गोंधळात आणखी भर पडते. लिथुएनियन भाषेत वडिलांच्या आडनावाला प्रत्यय लागून अविवाहित मुलीचे आडनाव तयार होते, त्यामुळे यानुलिसची मुलगी यानुलीते आणि मार्तिनाइतिसची मुलगी मार्तिनाइतीते. शेवटी ‘ईते’ ऐकू येते ते या प्रत्ययामुळे, आणि दोघींमध्ये काही नाते असावे असे त्यावरून समजू नये.

नाते आहे ते गुरूचे. लिथुएनियाची राजधानी व्हिल्नियस येथील संगीत व नाट्य अकादमीत दोघींनीही ब्रोन्युस कुताविच्युस (1932–2021) यांच्याकडे रचनेचे धडे घेतले. सोव्हिएत अमदानीत, 1978 साली ‘अखेरचे मूर्तिपूजक विधी’ हा ऑरेटोरिओ, म्हणजे गायकवृंद आणि वाद्ये यांच्यासाठीची दीर्घ रचना, लिहून कुताविच्युस यांनी लिथुएनियन संगीताला त्याच्या प्राचीन, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या स्मृतीकडे वळवले. त्यांच्या संगीतामागे सुतार्तिनेस ही ईशान्य लिथुएनियातील बहुस्वरी लोकगीते होती. या गीतांत दोन गायिका लगतचे दोन स्वर, म्हणजे आपल्याकडे षड्ज आणि ऋषभ एकाच वेळी लावावेत तसे, निःसंकोचपणे एकमेकींवर ठेवतात, आणि ती गीते चक्राकार फिरत राहतात. 2010 साली युनेस्कोने त्यांचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. लिथुएनियातील कोणत्याही संथ, आवर्तनी रचनेचे मूळ सुतार्तिनेसमध्ये शोधण्याची समीक्षकांना सवय जडली आहे. हे स्पष्टीकरण चुकीचे नसले, तरी या दोघींना वेगळे ओळखायला ते काडीचाही उपयोग करत नाही, कारण ते दोघींनाही सारखेच लागू पडते.

खरा फरक दिसू लागतो तो वाद्यांच्या यादीत. यानुलीते यांचा जन्म 1982 साली व्हिल्नियसमध्ये झाला. पुढे त्या मिलान येथे आलेस्सान्द्रो सोल्बियाती यांच्याकडे शिकल्या. आपल्या संगीताला त्या ‘एकरंगी’ म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी अक्षरशः पाळला आहे: फक्त तंतुवाद्ये, फक्त फुंकवाद्ये किंवा फक्त मानवी आवाज. 2004 सालची ‘श्वेत संगीत’ ही रचना 15 तंतुवाद्यांसाठी आहे, ‘जलरंग’ वृंदगानासाठी आहे आणि ‘युनानिमे’ चक्क आठ ट्रम्पेटांसाठी आहे. एकाच जातीची वाद्ये घेतल्यावर कानाला रंगाच्या, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या नादाच्या खास पोताच्या, आधारे आवाज वेगवेगळे करता येत नाहीत; एक वादक कोठे थांबला आणि दुसऱ्याने सूर कोठे उचलला ते कळेनासे होते, आणि अनेक वाद्यांचे मिळून एकच मोठे वाद्य श्वास घेत असल्याचा भास होतो. रंग काढून टाकल्यावर जे उरते, म्हणजे दाटपणा, स्वरांची उंची, आवाजाची पातळी आणि काळ, त्यावरच सारी रचना उभी राहते. 2010 सालच्या ‘वाळूची घड्याळे’ या रचनेत चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याचे चार वादक पातळ जाळीदार कापडाच्या उभ्या नळकांड्यांत बसलेले असतात. त्या कापडावर लुका स्कार्झेला यांची चित्रफीत पडत राहते आणि चेलोंचा आवाज इलेक्ट्रॉनिक साधनांनी तिथल्या तिथे अनेकपट केला जातो. रचनेतील घटना म्हणाल तर एकच, आणि तीही फार हळू घडणारी. माझ्या मते यानुलीते यांच्याकडे जाण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे, कारण कानाला जे उशिरा उमगते ते डोळ्यांना आधी दिसते.

मार्तिनाइतीते यांचा जन्म 1973 सालचा, तेव्हाच्या लेनिनग्राडमधला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गमधला. त्या वाढल्या लिथुएनियात आणि आता राहतात न्यूयॉर्कमध्ये. 2020 साली त्यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेची गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. 2021 साली ओंदिने या फिनलंडच्या कंपनीने काढलेला ‘साउदादे’ हा संग्रह गिएद्रे श्लेकीते यांच्या संचालनाखाली लिथुएनियाच्या राष्ट्रीय सिम्फनी वाद्यवृंदाने वाजवला आहे. त्यातील शीर्षकरचना ऐकताना प्रथम जाणवते ती रंगांची गर्दी. पूर्ण वाद्यवृंद हाताशी असतो, पितळी वाद्यांचे वजन खालून चढत येते आणि ध्वनीचा लोट फुगत फुगत शिगेला पोहोचून ओसरतो. यानुलीते यांच्या संगीतात श्रोता एखादी प्रक्रिया न्याहाळत असतो; येथे त्याला त्या लोटाबरोबर उचलून नेले जाते. ‘हेडल झोन’मध्येही हेच घडते, फक्त दिशा उलटी. सहा हजार मीटरच्या खाली सुरू होणाऱ्या समुद्रातील खंदकांचे नाव घेतलेली ही रचना बास क्लॅरिनेट, ट्यूबा, चेलो, डबल बास, पियानो आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्यासाठी आहे. सगळी वाद्ये खर्जातली, पण एका कुळातली मात्र नाहीत.

शीर्षके शेजारीशेजारी ठेवली तरी बराच उलगडा होतो. यानुलीते यांची शीर्षके वस्तूंची आणि प्रक्रियांची आहेत: कापड, वाळूची घड्याळे, ढगांचे निरीक्षण, रात्रींचे लांबणे. मार्तिनाइतीते मात्र मनःस्थितींना नावे शोधतात, आणि त्यासाठी परक्या भाषांतले, सहजी अनुवाद न होणारे शब्द उसने घेतात. ‘साउदादे’ हा पोर्तुगीज शब्द हुरहुरीसाठी आहे, तर ‘सिएलुनमाइसेमा’ हा फिनिश शब्द अंतर्मनाच्या निसर्गचित्रासाठी. तीन वादकांसाठी लिहिलेल्या एका दीर्घ रचनेचे नाव तर ‘हरवलेल्या सौंदर्याच्या शोधात’ असे आहे. ‘सुंदर’ हा शब्द उच्चारायला संकोचणाऱ्या आधुनिक संगीतविश्वात हे नाव धाडसाचेच म्हणायला हवे.

तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाने येथे थोडे सावध राहावे. असा सलग नाद कानी पडला की आता यावर कोणीतरी गाऊ लागेल अशी आपण नकळत वाट पाहतो. या दोघींच्या संगीतात तसे कोणी येत नाही. जे आहे ते त्या नादातच.

वाद्यांच्या यादीची कसोटी एका जोडीपुढे मात्र लंगडी पडते. यानुलीते यांची ‘रात्रींचे लांबणे’ ही 2009 सालची रचना 21 तंतुवाद्यांसाठी आहे आणि मार्तिनाइतीते यांची ‘एक्स तेनेब्रिस लुक्स’, म्हणजे ‘अंधारातून प्रकाश’, ही 2021 सालची रचना 18 तंतुवाद्यांसाठी. वाद्ये एकाच कुळातली, विषय दोन्हीकडे अंधाराचाच. तरीही पहिल्या शीर्षकात उत्तरेकडच्या शरदात दरवर्षी ठरल्याप्रमाणे घडणारी खगोलीय गोष्ट आहे, तिला माणसाच्या सुखदुःखाशी देणेघेणे नाही; दुसरे शीर्षक महासाथीच्या काळातले असून त्यातल्या ‘अंधारातून’ या शब्दाला सुटकेची ओढ आहे. कोणती कोणाची हे न पाहता दोन्ही रचना लावल्या, तर खालच्या स्वरांकडे लक्ष ठेवावे. मार्तिनाइतीते यांच्या रचनेत तळाशी काहीतरी दाटून वर ढकलू पाहते आणि पुढे काय होणार याची उत्सुकता लागते. यानुलीते यांच्या रचनेत तशी उत्सुकता लागलीच, तर ती थोड्याच वेळात आपोआप गळून पडते आणि मग चाललेला स्वरच ऐकू येऊ लागतो.