जर्मन पायदळाचे ध्वज आणि लघुमूर्ती युद्धखेळ

एकोणिसाव्या शतकातील जर्मन पायदळाच्या ध्वजांचा, टेबलावर लढाया मांडणारे हौशी खेळाडू करतात तो शोध. या खेळात रंगवलेल्या लहान सैनिकमूर्ती तुकडीवार उभ्या करतात आणि बहुतेक तुकड्यांत एक ध्वजवाहक असतो. त्याच्या हाती नेमका कोणता ध्वज द्यायचा, हे ठरवायला कधी कधी महिने लागतात.

‘जर्मन ध्वज’ असा एक नव्हताच. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, हॅनोव्हर यांची सैन्ये वेगळी होती आणि १८६६ मध्ये ती एकमेकांविरुद्ध लढलीही. पुढे सॅक्सन रेजिमेंटांना १०० पासूनचे क्रमांक मिळाले, बव्हेरियाने मात्र आपली मोजणी स्वतंत्र ठेवली. त्यामुळे ‘पाचवी रेजिमेंट’ म्हटले की ती कोणत्या राज्याची, हे आधी विचारावे लागते. शिवाय प्रशियात ध्वज रेजिमेंटचा नसून बटालियनचा असे. तीन बटालियनच्या रेजिमेंटला तीन ध्वज.

प्रशियाच्या जुन्या धाटणीच्या ध्वजावर मधोमध काळा गरुड, ‘प्रो ग्लोरिया एत पात्रिया’ (कीर्तीसाठी आणि मायदेशासाठी) ही अक्षरे आणि कोपऱ्यांत राजाची मुद्राक्षरे असत. पण चित्रात दिसतो तसाच ध्वज रणांगणावर होता असे मानणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. सैनिक ध्वजासमोर शपथ घेत, म्हणून कापड विरले तरी तो सहसा बदलत नसत. १८७० मध्ये, फ्रान्सविरुद्धच्या युद्धात, कित्येक काठ्यांवर चिंध्याच उरल्या होत्या. काठीच्या टोकातला लोखंडी क्रॉस (प्रशियाचे युद्धपदक) आणि सन्मानाच्या फिती यांवरून त्या बटालियनचा इतिहास कळतो. त्यामुळे नमुन्यापेक्षा ‘ही बटालियन, हे वर्ष’ हा प्रश्न महत्त्वाचा. फ्रान्समधील मार्स-ला-तूर येथे १६ ऑगस्ट १८७० रोजी प्रशियाच्या १६ व्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा ध्वज फ्रेंचांनी जिंकला. दिजों येथे २३ जानेवारी १८७१ रोजी ६१ व्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा ध्वज फ्रेंच बाजूच्या सैनिकांना मृतदेहांच्या राशीखाली सापडला. या तारखांनंतरच्या लढाईत ते ध्वज मांडणे चूकच.

अभ्यासाच्या साधनांवरचा मोठा आघात १४ एप्रिल १९४५ च्या रात्रीचा. पॉट्सडॅमवरील बॉम्बहल्ल्यात प्रशियाच्या सैन्याचे बहुतांश दफ्तर जळाले. बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग आणि सॅक्सनीची लष्करी दफ्तरे म्युनिक, श्टुटगार्ट आणि ड्रेस्डेनला होती, म्हणून त्या राज्यांविषयी आज अधिक खात्रीने बोलता येते. सगळ्यांत मोठ्या सैन्याबद्दलच कागद तुटपुंजे, याची हळहळ अभ्यासकाला सतत वाटते. इंगोलश्टाटचे बव्हेरियन सैन्य संग्रहालय आणि बर्लिनच्या जुन्या शस्त्रागारातील जर्मन ऐतिहासिक संग्रहालय हेही मोठे आधार आहेत.

प्रमाणाचे गणित सोपे आहे. १४० सेंटिमीटर बाजूचा ध्वज २८ मिलिमीटरच्या मूर्तीसाठी (सुमारे १:५६) साधारण २५ मिलिमीटर होतो. तो कागदावर छापून तारेच्या काठीभोवती चिकटवतात आणि गोंद ओला असतानाच घड्या पाडतात. कापलेल्या कडेचा पांढरा कागद डोळ्याला खुपतो, म्हणून तिथे शेवटी रंगाचा बारीक हात फिरवतात.