केंद्रीय मार्ग निधी

पेट्रोल व डिझेल यांवर केंद्र सरकार जो उपकर बसविते, त्याच्या उत्पन्नातून रस्ते, पूल आणि २०१८ पासून इतर पायाभूत सुविधा यांच्या बांधकामासाठी पैसा पुरविणारा भारत सरकारचा निधी. २००० साली संसदेच्या अधिनियमाने त्याला वैधानिक रूप मिळाले आणि २०१८ च्या वित्त अधिनियमाने त्याचे नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असे झाले. सार्वजनिक बांधकाम विभागात आणि ठेकेदारांच्या बोलण्यात मात्र त्याची ओळख अजून ‘सीआरएफ’ (सेंट्रल रोड फंड) अशीच आहे.

या निधीचा उगम १९१९ च्या राज्यकारभारविषयक सुधारणांनी निर्माण केलेल्या एका पेचात आहे. त्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे सोपविला आणि प्रांतांनी त्यातील बराच भार जिल्हा लोकलबोर्डांच्या गळ्यात घातला, ज्यांचे उत्पन्न बैलगाडीच्या वाटा राखण्यापुरतेही जेमतेम होते. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी झपाट्याने वाढल्या. पण त्यांच्या पेट्रोलवरील जकात व उत्पादन शुल्क मध्यवर्ती सरकारच्या तिजोरीत जात असे. म्हणजे मोटारीचा पैसा दिल्लीत आणि खड्डे प्रांतांत, अशी स्थिती होती. ती सोडविण्यासाठी १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्तेविकास समितीचे अध्यक्षपद मुंबईचे कायदेपंडित आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे होते. रस्त्यांचा विकास हा आता एकट्या प्रांतांच्या आवाक्यातला विषय उरलेला नाही, पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी वेगळे राखावे, असे समितीने १९२८ च्या अहवालात सुचविले. त्यानुसार मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर दर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आला आणि वाढीव दोन आण्यांतून केंद्रीय मार्ग निधी उभा राहिला. प्रांतांचे हिस्से मुख्यतः त्यांच्या हद्दीतील पेट्रोलच्या खपावरून ठरत. जो पेट्रोल जाळतो त्याने रस्त्याचा खर्च सोसावा आणि जेथे ते जळते तेथे तो पैसा परत जावा, हे या योजनेचे साधे सूत्र होते. १९३४ मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्थाही याच समितीच्या शिफारशींचे फळ होय.

१९४३ मध्ये नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी वर्गवारी केली, आणि १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्राने उचलला. राज्यघटनेने हीच विभागणी कायम ठेवली : राष्ट्रीय म्हणून घोषित झालेले महामार्ग केंद्र सूचीत, बाकीचे रस्ते व पूल राज्य सूचीत. निधी मात्र कायद्यावर नव्हे तर ठरावावर चालत राहिला. त्याचा वाटा इंधनाच्या किमतीवर नव्हे, तर परिमाणावर, म्हणजे विकलेल्या इंधनाच्या दर मापामागे ठराविक रक्कम असा ठरलेला होता. त्यामुळे खडी, डांबर व मजुरी महागत गेली तशी त्याची क्रयशक्ती ओसरली, आणि कित्येक दशके तो नावापुरताच उरला.

त्याला पुन्हा जीव आला तो १९९८ ते २००० या काळात. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी १९९८ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर आणि पुढील वर्षी डिझेलवर दर लिटरला एक रुपया जादा शुल्क लावले. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुर्भुज महामार्ग आणि डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना या दोन्हींना याच पैशाचा आधार होता. केंद्रीय मार्ग निधी अधिनियम, २००० याने वाटपाचे सूत्र कायद्यातच लिहून टाकले, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. डिझेलच्या एका रुपयातील ५० पैसे ग्रामीण रस्त्यांना जात. डिझेलचे उरलेले ५० पैसे आणि पेट्रोलचा संपूर्ण रुपया मिळून जी रक्कम होई, तिच्यातील ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना आणि १२.५ टक्के रेल्वेमार्गावरील उड्डाणपूल, भुयारी मार्ग व फाटकांची सुरक्षितता यांना मिळत असे. निधी व्यपगत न होणारा ठरविल्यामुळे त्यात जमा झालेली रक्कम ३१ मार्चला बुडत नाही. मार्चअखेरच्या घाईत बिले काढण्याची सरकारी सवय पाहता ही तरतूद वाटते त्याहून महत्त्वाची आहे.

राज्यांच्या हिश्शातील कामांची यादी राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग तयार करतो. तीत लोकप्रतिनिधींच्या मागण्यांचे प्रतिबिंब अर्थातच असते. केंद्राच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने मंजुरी दिली की निविदा काढणे, काम करून घेणे आणि देखरेख ठेवणे ही जबाबदारी राज्याची असते, आणि उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले, पोहोचतील तसतसे पुढचे हप्ते सुटतात. हिस्सा ठरविण्याचा निकष मात्र जयकरांच्या काळापासून पार उलटला आहे : २०१४ च्या नियमांनुसार इंधनाच्या खपाला ३० टक्के आणि भौगोलिक क्षेत्रफळाला ७० टक्के भार दिला जातो. विरळ वस्तीच्या मोठ्या राज्यांना यामुळे न्याय मिळाला. महाराष्ट्र इंधनाच्या खपात व क्षेत्रफळात दोन्हींत पुढे असल्याने त्याचे विशेष बिघडत नाही. पण ३,७०२ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या गोव्यात पर्यटकांच्या वाहनांनी जाळलेल्या इंधनाचे मोल या सूत्रात फारसे उतरत नाही.

खरा वाद हिश्शाचा नसून उपकराच्या स्वरूपाचा आहे. राज्यघटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार केंद्रीय करांचे निव्वळ उत्पन्न वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे राज्यांत वाटावे लागते. विशिष्ट हेतूसाठी बसविलेले उपकर व अधिभार मात्र या वाटपातून वगळले आहेत. त्यामुळे मूळ उत्पादन शुल्क कमी करून तेवढाच उपकर वाढविला, तर पंपावरचा भाव तोच राहतो आणि राज्यांचा वाटा गुपचूप घटतो. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्कातील ४ रुपये रस्ता उपकरात वळवून तो लिटरमागे २ रुपयांवरून ६ रुपये करण्यात आला. २०१८ मध्ये मूळ शुल्क २ रुपयांनी उतरवून जुन्या ६ रुपयांच्या जागी ८ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला, तो मे २०२० मध्ये १८ रुपयांवर गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेट्रोलवरील एकूण केंद्रीय शुल्क ३२ रुपये ९० पैसे होते, त्यात राज्यांशी वाटून घेण्याजोगे मूळ शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे. पंधराव्या वित्त आयोगाने ठरविलेल्या राज्यांच्या ४१ टक्के वाट्याने सर्व राज्यांना मिळून त्यातून लिटरमागे सत्तावन्न पैसे येत. भाव उतरविताना केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये हाच उपकर कमी केला, त्यामुळे कपातीचा भार राज्यांच्या वाट्यावर पडला नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्यानंतर तो पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर २ रुपये राहिला.

२०१८ च्या बदलाने निधीचे रूपही पालटले. वाहतुकीबरोबरच ऊर्जा, पाणी व स्वच्छता, दळणवळण आणि सामाजिक पायाभूत सुविधाही त्याच्या कक्षेत आल्या; निधीचे नियंत्रण रस्ते मंत्रालयाकडून वित्त मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे गेले. शाळा-रुग्णालयांना पैसा मिळू नये असे कोणी म्हणणार नाही, परंतु ‘पेट्रोलचा पैसा रस्त्याला’ हा करार येथे सैल झाला. उपकर आधी भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि संसदेच्या विनियोजनानंतरच मार्ग निधीत वळता होतो. जमा झालेली सर्व रक्कम तिकडे वळविली गेली नाही, असा आक्षेप नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांत नोंदविला आहे. एखाद्या हेतूच्या नावाने गोळा केलेला कर त्या हेतूसाठी खर्च झाला की नाही, हे नागरिकाला पंपावरच्या पावतीवरून कळण्याची सोय नाही.

राज्यांतील बांधकामांना केंद्राचा पैसा पोहोचविण्याचा आणखी एक मार्ग २०२०-२१ पासून रूढ झाला आहे : भांडवली खर्चासाठी पन्नास वर्षे मुदतीचे बिनव्याजी कर्ज. पहिल्या वर्षी त्यासाठी १२,००० कोटी रुपये ठेवले होते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद १.५ लाख कोटींवर गेली. मार्ग निधीतील हिस्सा नियमातल्या सूत्राने ठरतो, तर या कर्जाचा काही भाग केंद्राने सांगितलेल्या सुधारणा राज्याने केल्या तरच मिळतो.