दिसत नसलं तरी डोळ्याला दिवस कळतो

हिंजवडीत यूएस शिफ्ट करणारी मंडळी सकाळी सातला कॅबमधून घरी येतात, पडदे ओढतात आणि तरी झोप येत नाही, मग घरचे मोबाईलला दोष देतात. पण कॅबच्या खिडकीतून डोळ्यांवर आलेल्या उन्हाचाही यात मोठा हात असतो.

डोळ्याच्या पडद्यात प्रकाश पकडणाऱ्या रॉड आणि कोन अशा दोन प्रकारच्या पेशी असतात असं आपण शाळेत शिकलो. खरंतर तिसरा प्रकारही आहे. १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सिओ यांच्या टीमला बेडकाच्या कातडीत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश ओळखणारं प्रोटीन सापडलं आणि २००२ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की उंदराच्या डोळ्यातल्या काही गँग्लियन पेशी (डोळ्यातून मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या) रॉड-कोनच्या मदतीशिवाय स्वतःच प्रकाश पकडतात. या पेशींत हेच मेलॅनॉप्सिन असतं. त्या मोजक्याच, संथ, पण उजेड आहे तोवर सिग्नल देत राहतात, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात.

सिग्नल जातो मेंदूतल्या सुमारे २०,००० पेशींच्या एका छोट्याशा केंद्राकडे, तेच आपल्या शरीराचं, झोप-जागेचं मुख्य घड्याळ. ते बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित हळू चालतं, म्हणून रोज उजेडाने जुळवून घ्यावं लागतं. सकाळचा उजेड त्याचे काटे पुढे नेतो, म्हणजे झोप लवकर येते, रात्री उशिराचा मागे नेतो, म्हणजे झोप उशिरा येते, शिवाय रात्रीच्या उजेडाने मेलॅटोनिन हे रात्रीचं, झोपेशी जोडलेलं हार्मोनही दबतं.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे दृष्टी पूर्ण गेलेल्या काही लोकांमध्येही प्रखर उजेडाने मेलॅटोनिन कमी होतं आणि डोळे झाकले की होत नाही! म्हणजे दिसत नाही म्हणून डोळा निकामी असं डॉक्टरांनी, घरच्यांनी सरसकट धरूच नये, तो काढायचा विषय निघाला तर हे आधी विचारावं.

बाकीच्यांनी उजेडाचा हिशोब बघा. ऑफिसात साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), आणि पुण्यात जुलैत आभाळ भरून आलेलं असताना बाहेर तरी कित्येक हजार. त्यामुळे पावसाळ्यात तळजाई टेकडीवर फिरायला जाणं सोडू नका, ऊन नसलं तरी काम होतं. नाइट शिफ्टवाल्यांनी मात्र उलट करायचं, परत येताना कॅबमध्ये काळा गॉगल लावायचा, पण स्वतः गाडी चालवत असाल तर अजिबात नाही, कारण तेव्हा उजेडच तुम्हाला जागं ठेवत असतो.