रात्रीची लघवी आणि हृदयकार्य

लागलेली झोप मोडून लघवीसाठी उठावे लागणे म्हणजे रात्रीची लघवी. साठीनंतर एखादे वेळी उठणे सर्रास आढळते. दोन किंवा अधिक वेळा उठावे लागत असेल तर कारण शोधायला हवे. प्रोस्टेट आणि मधुमेह ही कारणे घरोघरी ठाऊक असतात. हृदयाचे नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून या नोंदीत भर त्यावर आहे.

गोव्यातल्या जुन्या घरांत वडीलधारी माणसे संध्याकाळभर सोप्यावर पाय खाली सोडून बसतात. हृदय अशक्त झालेले असेल तर मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते, ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत उतरते. दिवेलागणीला घोटे जड होतात, चपलेचा पट्टा रुततो. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून उचलला तर खळगा तसाच राहतो. माणूस आडवा झाला की हेच पाणी शिरांत परतून हृदयाकडे येते. मूत्रपिंडांकडे रक्त वाढते. शिवाय अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, ताणली जातात आणि एक संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडांकरवी मीठ आणि पाणी बाहेर घालवते. उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचल्यावर लघवी झपाट्याने वाढते, हे अडोल्फो डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडात 1981 साली दाखवले. दिवसा साठलेल्या पाण्याची लघवी अशी रात्री होते.

वय वाढले की रात्री लघवी आटोक्यात ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची लयही मंदावते, त्यामुळे निरोगी वृद्धांतही रात्रीचा वाटा थोडा वाढतो. घोरताना श्वास अडकण्याचा विकार असेल तर छातीत उलटा दाब येऊन अलिंदे ताणली जातात आणि तेच संप्रेरक सुटते.

डॉक्टरांकडे लोक ‘किती वेळा’ ते सांगतात; खरे तर ‘किती’ ते जास्त महत्त्वाचे. मापाच्या प्लॅस्टिकच्या भांड्यात तीन दिवस लघवी मोजून वेळेसह लिहावी. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसात धरतात, सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीत. पासष्टीपुढे रात्रीचा वाटा चोवीस तासांच्या एकतृतीयांशाहून जास्त असेल तर त्याला रात्रीचे मूत्राधिक्य म्हणतात. दिवसरात्र मिळून 1500 मिलि. आणि त्यातली 700 रात्रीची, तर पाणीच रात्री जास्त तयार होते आहे. दर खेपेला जेमतेम 100 मिलि. होऊन एकूण वाटा बेताचाच राहिला, तर मूत्राशय किंवा प्रोस्टेटकडे पाहावे.

मिठाचा भाग गोव्यात दुर्लक्षून चालत नाही. पेजेसोबत खारातले तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, आणि पावसाळ्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर ही कोशिंबीर असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. अशा ताटात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. ही चव तोडणे म्हाताऱ्या माणसाला किती जड जाते हे घरच्यांनी समजून घ्यावे आणि ताटातले खारे पदार्थ हळूहळू कमी करावेत.

फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीचा असर सुमारे सहा तास राहतो, म्हणून ती झोपायच्या तोंडावर देत नाहीत. काहींना दुपारी देतात. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजू शकतात. गोळीची वेळ मात्र आपल्या मनाने बदलू नये. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडले तर साठलेल्या पाण्यातले थोडे रात्रीआधीच निघून जाते. रात्रीच्या भीतीने दिवसभर पाणीच न पिणे धोक्याचे. किती प्यायचे ते हृदयरुग्णाने डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आडवे होताच दम लागणे, उशा वाढवाव्या लागणे, गुदमरून जाग येणे किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढणे, यांपैकी काही दिसले तर तपासणी लांबवू नये. छाती दुखत असेल किंवा बसूनही श्वास पुरत नसेल तर 108 ला फोन करावा. एरवी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या डॉक्टरांकडे इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) या चाचण्यांविषयी विचारावे.

जुन्या घरांत संडास स्वयंपाकघरामागे, कधी परसात असतो. पावसाळी रात्री वीज गेलेली, फरशी ओली आणि मध्ये उंबरठा, अशा वाटेवर पडून कंबरेचे हाड मोडते. उपचार लागू पडेपर्यंत खाटेजवळ भांडे आणि उशाशी बॅटरी ठेवावी.