विमान शेतात उतरवताना मोडलं: अमेरिकेत कुणाला, कधी आणि काय कळवायचं

इंजिन बंद पडलं, धावपट्टी गाठता येईना, म्हणून विमान शेतात उतरवायला गेलात आणि ते मोडलं. माणसं सुखरूप बाहेर आली की अमेरिकेत उड्डाण शिकणारी आपली मुलं हमखास म्हणतात, 'दहा दिवस आहेत ना?' ते दहा दिवस लेखी अहवालाचे. एनटीएसबीला (अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेला) खबर मात्र ताबडतोब द्यायची, म्हणजे फोनच करायचा. शेरीफला (स्थानिक पोलीसप्रमुखाला) किंवा एफएएला (हवाई वाहतुकीचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेला) सांगून ही जबाबदारी संपत नाही.

उड्डाणातल्या चुका आपणहून कळवायच्या नासाच्या एएसआरएस योजनेतही दहा दिवसच असतात, त्यामुळे घोळ वाढतो. तो अर्ज भरून निर्धास्त होऊ नका. त्यातून एफएएच्या शिक्षेपासून मिळणारं संरक्षण अपघाताला लागू नाही.

मुळात हा 'अपघात' आहे का, तेही तपासा: विमानाचं मोठं नुकसान किंवा कुणाला गंभीर जखम झाली, तर तो अपघात. फक्त चाकं, लँडिंग गिअर, फ्लॅप किंवा पंखाचं टोक मोडलं, जमिनीला लागून प्रोपेलरची पाती वाकली, तर नियमाच्या भाषेत ते 'मोठं नुकसान' नव्हे. पंखाचा मुख्य दांडा वाकला तर सहसा मोठंच. दुखापत झाल्यापासून ७ दिवसांच्या आत कुणाला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं आणि तिथे ४८ तासांहून जास्त राहावं लागलं, तर ती गंभीर जखम. बोट किंवा नाक साधं मोडलं तर त्यात धरत नाहीत, इतर कुठलंही हाड मोडलं की धरतात. आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान २५,००० डॉलरच्या वर जात असेल, तर विमान धड असूनही कळवायचंच.

शेतमालक 'आधी हे उचला' म्हणून मागे लागेल. त्याचं चुकत नाही, पण अडकलेल्यांना काढणं, लोकांचा धोका टाळणं किंवा अवशेष वाचवणं, एवढ्यासाठीच हलवता येतं. तेही शक्य असेल तर आधी फोटो, टिपणं आणि आराखडा करून.

दहा दिवसांतला तो लेखी अहवाल म्हणजे अर्ज ६१२०.१, भरायची जबाबदारी ऑपरेटरची, म्हणजे विमान चालवणाऱ्याची किंवा चालवू देणाऱ्याची. इथे भाड्याने विमान घेणारे फसतात: विमान ताब्यात घेऊन उडवणाराही ऑपरेटर ठरू शकतो. मालक भरेल म्हणून बसू नका. वैमानिकाला शक्य असेल तर त्याचं निवेदन अर्जासोबतच जातं.

अर्जात लिहायचे स्वतःच्या उड्डाणाचे तास लॉगबुकात सापडतात. हाताशी नसतात ती विमानाची देखभालपुस्तकं. ती मालकाकडे किंवा मेकॅनिककडे पडलेली असतात आणि शेवटच्या तपासणीची तारीख तिथेच असते. ती पुस्तकं पहिल्याच दिवशी मागा, आणि कुणाला त्यात काही नवं लिहू देऊ नका.